‘विचार करतोय ना!’ – जॅक बेनीचा रेडिओ कार्यक्रम

तिसरी_घंटा

अंधारा रस्ता. बुटांचा आवाज. एक माणूस शेजाऱ्याकडून घरी चालला आहे. तेवढ्यात कुणीतरी अडवतं. काडी आहे का विचारतं आणि लगेच धमकावतं, “हात वर! पैसे दे, नाहीतर जीव जाईल!”

मग शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे काहीच नाही. चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. तरीही स्टुडिओतले प्रेक्षक हसू लागतात. आधी थोडे, मग सगळे. हशा ओसरायला लागल्यावर चोर वैतागून म्हणतो, “अरे, ऐकलंस ना? पैसे की जीव?”

“विचार करतोय ना!”

२८ मार्च १९४८ च्या रविवारी अमेरिकेत हा प्रसंग प्रसारित झाला. तो माणूस म्हणजे अमेरिकेचा विनोदी नट जॅक बेनी. गेले चार महिने रात्री ओटा आवरताना मी त्याच्या कार्यक्रमाचे जुने भाग ऐकतोय. एवढं साठलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कॉलेजात आणि नंतरही काही वर्षं मी एकांकिका केल्या. आमचे दिग्दर्शक ओरडायचे, “पॉज घे! मनात दोन आकडे मोज आणि मग वाक्य टाक!” आम्ही आकडे मोजायचो. लाफ्टर कधी यायचा, कधी नाही, आणि का आला नाही ते कुणालाच सांगता यायचं नाही. मला ते या माणसाकडून कळलं. त्या चोरासमोरची शांतता काही सेकंदांची असली तरी तिची तयारी सोळा वर्षं चालली होती. बेनी रेडिओवर आला १९३२ मध्ये. तेव्हापासून आठवड्यामागून आठवडे लोकांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होत गेली, की हा माणूस महाचिक्कू आहे. त्यामुळे ‘पैसे की जीव’ म्हटल्यावर त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकणाऱ्याला आधीच दिसतं. विनोद श्रोत्याच्या मनात पुरा होतो. नट फक्त त्याला वेळ देतो.

या वाक्याच्या जन्माची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. मिल्ट जोसेफ्सबर्ग आणि जॉन टॅकबेरी हे दोन लेखक खोलीत बसले होते. ‘पैसे की जीव’पर्यंत आले आणि अडले. एकाने दुसऱ्याला टोचलं, “अरे, काहीतरी बोल की!” दुसरा चिडून म्हणाला, “विचार करतोय ना!” मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

थोडं त्याच्याविषयी. खरं नाव बेंजामिन कुबेल्स्की. जन्म १४ फेब्रुवारी १८९४, शिकागोत. वाढला त्याच्या उत्तरेला मिशिगन सरोवराकाठच्या वॉकीगन गावात. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. मुलगा मोठा व्हायोलिनवादक व्हावा ही त्यांची इच्छा होती. मुलगा गावातल्या थिएटरच्या वाद्यवृंदात वाजवायला लागला आणि तिथूनच वॉडव्हिलकडे गेला. वॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणं, कसरती, जादू, नकला, सगळं. विनोदी नट मार्क्स बंधूंच्या आईने त्याला आपल्या कंपनीत मागितलं होतं, पण घरच्यांनी नाही म्हटलं. पहिल्या महायुद्धात नौदलात असताना तो खलाशांपुढे व्हायोलिन वाजवायला उभा राहिला. लोक कंटाळून हुर्यो करायला लागले, तेव्हा त्याने धनुकली खाली ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. पुढची साठेक वर्षं तो बोलतच होता, व्हायोलिन मात्र हातातच राहिलं.

मला ज्या गोष्टीसाठी हा धागा काढावासा वाटला ती अशी. कार्यक्रम त्याच्या नावाचा, पण हशे सगळे दुसऱ्यांचे. बायको मेरी लिव्हिंगस्टन त्याची फजिती करते. घरगडी रॉचेस्टर त्याला सुनावतो. गायक डेनिस डे भोळेपणाने त्याचं पितळ उघडं पाडतो, शिवाय त्याच पगारात जॅकच्या घरचं गवतही कापतो. वाद्यवृंदप्रमुख फिल हॅरिस दारूच्या आणि स्वतःच्या देखणेपणाच्या गोष्टी सांगतो, निवेदक डॉन विल्सन आपल्या पोटावरून बोलणी खातो. दुकानात गेलं की फ्रँक नेल्सन त्याच्या त्या “ये...स?” या लांबलचक हेलाने अंगावर येतो. आणि जॅक? “हं...” एवढंच. पंच दुसऱ्याच्या तोंडी, खड्ड्यात पडणारा हा.

त्याचं म्हणणं साधं होतं. हशा कुणाला मिळाला याने काय बिघडतं, कार्यक्रम चांगला झाला म्हणजे झालं. नाटकात काम केलेल्या कुणालाही विचारा हे किती अवघड आहे. सहकलाकाराचा लाफ्टर मारून आपलं वाक्य पुढे रेटणारे नट मी डोळ्यांनी पाहिलेत. इथे वीसेक वर्षं एक माणूस रविवारी संध्याकाळी सात वाजता उभा राहून स्वतःहून मार खातोय, आणि त्याच्या भोवतीची सगळी मंडळी मोठी होतायत.

खरोखर मोठी झालीही. दूरदर्शन संच घरोघरी आले तेव्हाच्या अमेरिकन मालिकांची श्रेयनामावली वाचा. ‘द फ्लिंटस्टोन्स’मधला शेजारी बार्नी रबल म्हणजे इथला मेल ब्लँक आणि त्याची बायको बेटी म्हणजे इथली टेलिफोन ऑपरेटर बी बेनाडरेट. फ्रँक नेल्सन ‘आय लव्ह लुसी’त दिसतो. रेसच्या घोड्याच्या टिपा देणारा शेल्डन लिओनर्ड पुढे टीव्हीचा मोठा निर्माता झाला. पुढे टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाने गाजलेल्या जॉनी कार्सनने १९४९ मध्ये विद्यापीठात विनोदी रेडिओलेखनावर प्रबंध केला, तो बेनीसारख्यांच्या कार्यक्रमांचे तुकडे उलगडून. कार्सनचा टीव्हीवरचा तो थांबून प्रेक्षकांकडे पाहणारा चेहरा कुठून आला ते मग लक्षात येतं.

कुणी ऐकलंय का हे? आणि आपल्याकडच्या रेडिओवरच्या विनोदाच्या आठवणी असतील तर त्याही जरूर लिहा.

---

निवांत_दुपार

काय सुरेख लिहिलंय! बेनी ऐकलेला नाही, पण ‘फजिती करून घेणारा घरमालक आणि भोवतीची माणसं’ वाचल्याबरोबर मुंबई आकाशवाणीचं ‘पुन्हा प्रपंच’ कानात सुरू झालं. नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावोजी. तीन आवाज, एक घर, बस्स. आमच्याकडे त्या वेळेला कुकरची शिट्टी झाली तरी आजी रागवायची.

टेकाडे भावोजी दिसायला कसे हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. किरकोळ अंगाचे, हातात कापडी पिशवी. नंतर कुडतरकरांचा फोटो पाहिला तेव्हा मला खूप वेळ पटेचना. तुम्ही म्हणता तसं, विनोद ऐकणाऱ्याच्या मनात पुरा होतो, तसा माणूसही तिथेच पुरा होतो.

---

ओसरी

तुम्हाला एक गंमत सांगते. जॅक बेनी मराठी माणसाला वाटतो तितका लांबचा नाही!

१९४१ मध्ये त्याने ‘चार्लीज आन्ट’ या सिनेमात काम केलं, साडी नव्हे पण झगा नेसून मावशी झाला. मूळ नाटक ब्रँडन थॉमस यांचं. त्याच नाटकावरून आचार्य अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ केलं आणि विजय चव्हाणांचं ‘टांग टिंग टिंगा’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे बेनी आणि विजय चव्हाण एकाच मावशीचे दोन अवतार.

आणि दुसरा धागाही अत्र्यांकडेच जातो. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या कंजुषावरून त्यांनी ‘कवडीचुंबक’ लिहिलं. पैशाला चिकटलेल्या माणसाची ही जात रंगभूमीवर शेकडो वर्षं चालत आलेली आहे. पण मोलिएरचा कंजूष दोन-अडीच तासांत संपतो. हा आठवड्याला अर्धा तास, तेवीस वर्षं! तरी लोकांना कंटाळा येत नाही, उलट माया वाटते. हे कसं साधलं असेल?

---

तिसरी_घंटा

@ओसरी, मावशीचा हा संबंध माझ्या डोक्यातच आला नव्हता. फार आनंद झाला.

माया का वाटते याचं मला सापडलेलं उत्तर त्याच्याच एका स्पर्धेत आहे. १९४५ च्या डिसेंबरात कार्यक्रमाने जाहीर केलं: ‘मला जॅक बेनी का सहन होत नाही’ हे थोडक्यात लिहून पाठवा, एकूण दहा हजार डॉलरची बक्षिसं. पत्रं आली अडीच लाखांहून जास्त. परीक्षकांत दुसरा विनोदी कलाकार फ्रेड ॲलन होता, म्हणजे ज्याच्याशी बेनीचं रेडिओवर वर्षानुवर्षं लुटुपुटीचं भांडण चाललं होतं तोच! पहिलं आलेलं पत्र म्हणजे एक छोटी कविता होती. बढाया, शिळे विनोद, व्हायोलिनचे हाल, भित्रेपणा, हाव, सगळं मोजून झाल्यावर शेवटी तो माणूस लिहितो की याच्या ज्या ज्या खोडी दिसतात त्या माझ्याच आहेत. ती कविता कार्यक्रमात सिनेनट रोनाल्ड कोलमनने वाचली. मी ती ऐकली तेव्हा ओटा पुसायचा थांबलो होतो.

आपण सगळेच हॉटेलात बिल आल्यावर पाकीट काढायला अर्धा क्षण उशीर करतो. वय विचारलं की एखादं वर्ष खाली सांगतो. तो जन्मभर ३९ वर्षांचाच राहिला.

---

मिशिगनकाठ

३९ वाचून लिहायलाच आले. आम्ही गेली बरीच वर्षं शिकागोच्या उत्तरेला राहतो, वॉकीगन गाडीने जवळच. तिथे जॅक बेनीच्या नावाची शाळा आहे, १९६१ साली नाव दिलं. आणि शाळेच्या संघांचं नाव काय, तर ‘थर्टीनायनर्स’!

गावाच्या मध्यभागी जेनेसी थिएटर आहे, त्याच्याजवळ त्याचा पुतळा. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तो कोण हे माहीत नव्हतं. मुलाने पुतळ्याच्या हातातलं व्हायोलिन पाहून विचारलं, “आई, हे गायक होते का?” मी “असतील” म्हणून पुढे गेले. आता या शनिवारी मुद्दाम परत जाणार आहे. बेनी नाव मोठं झाल्यावरही आपल्या गावाचा उल्लेख कार्यक्रमात सारखा करायचा, असं इथले म्हातारे लोक अभिमानाने सांगतात.

---

सडेतोड

लेख आवडला, पण एक गोष्ट टोचली. ‘घरगडी रॉचेस्टर त्याला सुनावतो’ असं एका वाक्यात उरकलंत. तो कृष्णवर्णीय नट होता. गोऱ्या मालकाचा काळा नोकर, यावर अख्खा देश हसत होता. त्याबद्दल चार शब्द लिहायला हवे होते असं माझं स्पष्ट मत आहे.

---

तिसरी_घंटा

@सडेतोड, बरोबर आहे तुमचं. ते घाईत सुटलं, आणि सुटायला नको होतं.

नटाचं नाव एडी अँडरसन. खरखरीत, एकदा ऐकला की विसरता न येणारा आवाज. २८ मार्च १९३७ ला तो या कार्यक्रमात रेल्वेच्या डब्यातला हमाल म्हणून आला. एकाच भागापुरता. लोकांना इतका आवडला की परत बोलावला आणि पुढे जॅकच्या घरी कायमचा राहिला. (योगायोग पाहा, तारीख चोराच्या भागाचीच, अकरा वर्षं आधीची.)

सुरुवातीच्या भागांमधले रॉचेस्टरचे विनोद आज ऐकवत नाहीत. जुगार, दारू, वस्तरा, काळ्या माणसाबद्दलचे सगळे ठरीव साचे त्यात आहेत. मी ते भाग ऐकताना पुढे ढकलत नाही, पण हसूही येत नाही. महायुद्ध संपलं, ज्यूंच्या संहाराची हकिगत बाहेर आली, आणि बेनीने वंशावरून केलेले विनोद आपल्या संहितेतून काढायला लावले. १९५० मध्ये लेखकांनी जुनी, १९४० ची एक संहिता पुन्हा वापरली तेव्हा श्रोत्यांची निषेधाची पत्रं आली. म्हणजे दहा वर्षांत ऐकणारेही बदलले होते.

पण या सगळ्यात एक गोष्ट सुरुवातीपासून होती आणि ती मला महत्त्वाची वाटते. संभाषणात शहाणा रॉचेस्टर असतो. मालकाचा कंजूषपणा, खोटं बोलणं, मिरवणं, सगळं त्याला कळतं आणि तो तोंडावर बोलतो. दाराची घंटा वाजली आणि “मी उघडू की तुम्ही जवळ आहात?” अशा सुरात तो मालकाशी वागतो. १९४० च्या आसपासच्या अमेरिकेत हे कोट्यवधी गोऱ्या घरांतून ऐकलं जात होतं. अँडरसन त्या काळच्या सर्वांत जास्त मानधन मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय कलाकारांपैकी एक होता. एवढ्याने सगळं धुऊन निघतं असं मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच ध्वनिफितीत आहेत आणि दोन्ही ऐकायला हव्यात.

---

सडेतोड

धन्यवाद. आता लेख पुरा झाला असं वाटतंय. उत्तरार्धातले, म्हणजे युद्धानंतरचे भाग आधी ऐकेन.

---

नादखुळा

अरे, मेल ब्लँकवर कुणीच बोलत नाही? ध्वनीत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा माणूस दैवत आहे!

जॅकची मॅक्सवेल नावाची खटारा गाडी होती. ती सुरू होतानाचा आवाज तबकडीवरून वाजवायचा होता. एकदा ऐन वेळी तबकडी वाजलीच नाही. ब्लँक माइकपुढे उभा होता, त्याने तोंडानेच खोकणारं, धापा टाकणारं, फुसफुसणारं, मध्येच ठसका लागणारं इंजिन केलं. तेव्हापासून ती गाडी कायमची त्याच्याच घशात राहिली. आणि हो, जॅकच्या तळघरात कार्मायकल नावाचं ध्रुवीय अस्वल होतं, गॅसचा मीटर बघायला गेलेला माणूस परत वर आला नाही. त्या अस्वलाची गुरगुर पण ब्लँकचीच. बरेच महिने त्याला फक्त गुरगुरायचं काम होतं, शेवटी त्यानेच जाऊन सांगितलं की मला बोलताही येतं.

आणि तो रेल्वे स्टेशनवरचा निवेदक! “पाच नंबरच्या फलाटावरून ॲनाहाइम, अझूसा आणि कुक्...” इथे तो थांबतो. जॅकचं दुसऱ्याच कुणाशी बोलणं सुरू होतं. “...आमोंगा!” दर वेळी ‘कुक्’ आणि ‘आमोंगा’ यांतलं अंतर वाढत गेलं. आपल्याकडे ‘भुसा...’ म्हणून थांबायचं, मध्ये चहा पिऊन यायचं आणि मग ‘...वळ!’ म्हणायचं, असं समजा. एका खऱ्याखुऱ्या गावाचं नाव त्यामुळे देशभर झालं आणि गावाने आनंदाने बेनीचा पुतळा उभारला.

सायवाला प्रसंग ऐकलात का? जॅक विचारतो, ब्लँक एका अक्षरात उत्तर देतो. सी, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘हो’. नाव? साय. बहीण? सू. ती काय करते? सो, म्हणजे शिवते. एवढ्यावर बेनी दर वेळी हसून कोलमडतो, आणि ते हसणं लिहिलेलं नाही, खरं आहे.

---

काळा_कोट

माझ्या प्रांतातली एक भर घालतो. हा कार्यक्रम गाजलेल्या नाटक-सिनेमांची विडंबनं फार करायचा आणि मूळ कलाकारच पाहुणे म्हणून यायचे. १९४५ मध्ये ‘गॅसलाइट’चं विडंबन रेडिओवर झालं, परवानगी घेऊन, आणि त्यात साक्षात इन्ग्रिड बर्गमन होती. १९५२ मध्ये तेच टीव्हीवर परवानगीविना झालं आणि सिनेमाचे हक्क असलेल्या कंपनीने दावा लावला. खालच्या न्यायालयांत बेनीची बाजू हरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५८ मध्ये तिथे न्यायमूर्तींची मतं चार विरुद्ध चार पडली, त्यामुळे खालचा निकाल कायम राहिला. मूळ कलाकृतीतलं किती घेतलं म्हणजे विडंबन आणि किती घेतलं म्हणजे चोरी, हा प्रश्न अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी या खटल्यावरून शिकतात. माझ्या मते निकाल फार कडक होता. विडंबनात मूळ गोष्ट ओळखू आलीच पाहिजे, नाहीतर प्रेक्षक हसणार कशाला?

---

तिसरी_घंटा

@नादखुळा, @काळा_कोट, तुमच्या प्रतिसादांनी धागा कुठल्या कुठे गेला!

पाहुण्यांमध्ये मला सर्वांत आवडतात रोनाल्ड कोलमन आणि त्याची बायको बेनिटा ह्यूम. ब्रिटिश, सुसंस्कृत, शब्द मोत्यासारखे. कार्यक्रमात ते जॅकचे शेजारी आणि जॅक सारखा काहीतरी उसनं मागायला त्यांच्या दारात. (खरं घर काही रस्ते पलीकडे होतं.) सुरुवातीला सांगितलेल्या चोराच्या प्रसंगातही जॅक त्यांच्याकडूनच निघालेला असतो. हातात काय, तर कोलमनचं ऑस्कर! ते बक्षीस कोलमनला त्याच्या जेमतेम आठ दिवस आधी, २० मार्चला खरोखर मिळालेलं, तेही रंगमंचावर ऑथेल्लो रंगवता रंगवता भान हरपणाऱ्या एका नटाच्या भूमिकेसाठी. आठ दिवसांत बातमीची संहिता झाली आणि संहितेतून ते वाक्य निघालं.

जिवंत प्रक्षेपणाविषयी राहिलंच. तीसच्या दशकात नेटवर्कवर ध्वनिमुद्रित कार्यक्रम चालत नसत. पूर्व किनाऱ्यासाठी एकदा आणि पश्चिमेसाठी काही तासांनी पुन्हा एकदा, असा तोच प्रयोग दोनदा व्हायचा. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत रविवारचे दोन खेळ. आणि जिवंत म्हटलं की चुका आल्या. १९५० च्या जानेवारीत डॉन विल्सनला ‘ड्रू पिअर्सन’ हे एका पत्रकाराचं नाव घ्यायचं होतं, तो म्हणाला ‘ड्रिअर पूसन’. हसून झालं, प्रवेश पुढे गेला. लेखकांनी मात्र तेवढ्यात फ्रँक नेल्सनला गाठून कानात काहीतरी सांगितलं. शेवटाकडे जॅक नेल्सनला विचारतो, “तुम्ही इथले दारवान का?” नेल्सनच्या कागदावर वेगळंच उत्तर होतं. तो म्हणाला, “मग काय ड्रिअर पूसन वाटलो?” जॅकला कल्पनाच नव्हती. ऐका एकदा. तो हसून जवळजवळ खाली पडतो आणि प्रेक्षक थांबता थांबत नाहीत.

त्याच वर्षी डिसेंबरात मेरीला गॅरेजमधल्या ‘ग्रीस रॅक’बद्दल बोलायचं होतं, तिच्या तोंडून ‘ग्रास रीक’ निघालं. रीक म्हणजे घाण वास. जॅकने तिला माइकवरच फैलावर घेतलं, असा काही शब्दच नाही म्हणाला. पुढच्या आठवड्यात लेखकांनी बेव्हर्ली हिल्सच्या खऱ्या पोलीसप्रमुखाला कार्यक्रमात आणलं. त्याने सांगितलं, एकाच्या हिरवळीवर दोन स्कंक भांडले आणि काय सांगू, ‘ग्रास रीक’! स्कंक म्हणजे तो दुर्गंधी फवारणारा प्राणी. नवऱ्याचा दावा फोल, बायको बरोबर.

इथेही तेच बघा. चूक मेरीची, चिडला जॅक, आणि शेवटी तोंडघशी पडला जॅकच. मेरीला माइकची फार भीती वाटायची. पुढे पुढे ती आपली वाक्यं घरी बसून ध्वनिमुद्रित करायची, प्रेक्षकांसमोर तिच्या जागी मुलगी जोन वाचायची. हे कळल्यापासून तिचं हसणं मी वेगळ्या कानांनी ऐकतो.

---

पंचम

व्हायोलिनबद्दल. मी स्वतः वाजवते म्हणून मुद्दाम ऐकलं. बेसूर वाजवणं बेसूर माणसाला जमत नाही! स्वर किती खाली सोडला की लोक हसतील आणि किती सोडला की कान झाकतील, हे सुरात असलेल्यालाच कळतं. त्याचा मित्र होता आयझॅक स्टर्न, केवढा थोर वादक. दोघांनी न्यूयॉर्कचं संगीतगृह कार्नेगी हॉल वाचवण्यासाठी निधीचा कार्यक्रम केला. उतारवयात बेनी गावोगावच्या सिंफनी वाद्यवृंदांबरोबर उभा राहून वाईट वाजवायचा आणि त्यातून जमलेले लाखो डॉलर वादकांसाठी जायचे. रेडिओवर ज्याच्या हातून एक दमडी सुटत नाही त्याचं खरं वागणं हे. त्याच्याकडचं स्ट्रॅडिव्हॅरियस, म्हणजे फार मोलाचं जुनं व्हायोलिन, त्याच्यामागे लॉस एंजेलिसच्या फिलहार्मनिक वाद्यवृंदाला गेलं.

१९७४ च्या डिसेंबरात तो गेला. दुसऱ्या दिवसापासून मेरीकडे रोज एक लाल गुलाब यायला लागला. तिने फुलवाल्याकडे चौकशी केली तेव्हा कळलं, ती जिवंत असेपर्यंत रोज एक फूल पाठवण्याची सोय तो करून गेला होता.

---

निवांत_दुपार

@पंचम, हे वाचून डोळे भरून आले. मीनावहिनींच्या आवाजात कुणीतरी वाचून दाखवावं असं वाटलं.

---

चुलीपाशी

सगळा धागा एका बैठकीत वाचला आणि लगेच एक भाग शोधून काढला. तळघरातल्या तिजोरीचा. आई ऐंशीची आहे, इंग्रजी येत नाही. मी फोन उशाशी ठेवला आणि थांबवत थांबवत मराठीत सांगत गेले.

जॅक जिना उतरतोय. पावलं, पावलं, पावलं. साखळी. दार किरकिरतं. आणखी एक दार. मग भोंगे, घंटा, शिट्ट्या, शेवटी जहाजाचा भोंगा! आई खुदकन हसली, म्हणाली, “बँकेत जातोय का हा?” मी म्हटलं, नाही गं, स्वतःच्याच घरात. खाली एक म्हातारा रखवालदार आहे, एड नावाचा. तो इतकी वर्षं खाली बसलाय की वर जगात काय चाललंय त्याला पत्ता नाही. जुनं कुठलंतरी युद्ध संपलं का, असं विचारतो. जॅक त्याच्याशी इतक्या प्रेमाने बोलतो, तब्येत विचारतो, आणि नोटा घेऊन वर निघून जातो.

आई जरा वेळ गप्प बसली. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, “त्या एडला खाली जेवण कोण नेऊन देतं गं?”

उद्याचा भाग नऊला लावायला सांगितलाय. @तिसरी_घंटा, अजून कुठल्या भागात तो एड येतो ते लिहाल का?